पैलवान कुणासाठी पडतो

न्हाव्याच्या दुकानासमोर पैलवान पुन्हा चीत झाला, आणि बदकवाल्या मावशीचं डोकं फिरलं.

"मेल्या, तुला आत जायला सांगितलं होतं ना?" ती न्हाव्यावर ओरडली. "आमची यायची वेळ झाली की पडद्याआड व्हायचं, ठरलं होतं ना आपलं?"

"मावशी, गिऱ्हाईकाच्या अर्ध्या तोंडाला साबण लावलाय. त्याला घेऊन पडद्याआड जाऊ?"

"मग निदान तोंड तरी फिरवायचंस!"

"फिरवलं होतं. त्यानं मला आरशात बघितलं."

पैलवान रस्त्याच्या मधोमध पोटावर पसरला होता. चार पाय चार दिशांना गेले होते, डोळे टक्क उघडे होते आणि नजर न्हाव्यावर खिळली होती. त्याच्या पुढं चालणारी बावीस बदकंही आता मातीत बसून घेत होती. कुत्रं पडलं की आपण बसायचं, हे बदकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. पलीकडं एक सायकलवाला पाय टेकून उभा होता. परक्या गावचा असावा, कारण त्यानं हळहळून विचारलं, "मेलं का हो कुत्रं?"

"नाही, खूश झालंय," खुर्चीतलं साबणवालं गिऱ्हाईक म्हणालं.

हा पैलवान म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. पिल्लू असताना त्याचे पंजे एवढे थोराड होते, की मावशीच्या नवऱ्यानं टोपली विणता विणता एकदा बघितलं आणि म्हणाला, "हा पैलवान होणार बघ." नाव ठेवणाऱ्याच्या जिभेला काय म्हणावं! दीड वर्षाचा झाला आणि हा पैलवान जो पडायला लागला, तो कुणीही पाडावा असा. आवडीचं माणूस नुसतं दिसायची खोटी, आधी शेपूट फिरायचं, मग मागचे पाय लुळे पडायचे, मग पुढचे, आणि शेवटी हनुवटी धप्पकन जमिनीवर. ओरडणं नाही, फेस नाही, काही नाही. मिनिट दोन मिनिटं तसाच पडून राहायचा, मग उठून अंग झाडायचा आणि मधे काही घडलंच नाही अशा थाटात बदकं हाकायला लागायचा.

पहिल्या वेळी सगळ्या गावानं डॉक्टरकी केली. कुणी म्हणालं विंचू चावला, कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी म्हणालं जोडा हुंगवा. जोडा हुंगवला, तर पैलवान उठला आणि जोडा घेऊन पळाला. तो डावा जोडा अजून सापडलेला नाही. शेवटी मोटारसायकलवरून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी डोळे बघितले, पाय ओढून बघितले, कान बघितले. तेवढ्यात न्हावी चौकशीला आला आणि पैलवान डॉक्टरांच्या देखतच आडवा झाला. डॉक्टर एकदम खूश. म्हणाले, "हां! आता कळलं. याला आनंद सोसत नाही."

"म्हंजे?" मावशीनं विचारलं.

"आनंद झाला की अंगातली ताकद जाते. जन्माचा आजार आहे. मरणार नाही, पण बरा पण होणार नाही. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गोळी द्यायची. पडणं कमी होईल, बंद नाही होणार. आणि पाण्यापाशी जपा. तळ्यात पडला तर संपलं."

म्हातारा टोपली खाली ठेवून म्हणाला, "पण डॉक्टर, आमच्या घरात कुणालाच नव्हता हो हा आजार."

"कुठला?"

"आनंदाचा."

त्या दिवसापासून मावशीचं घर पैलवानाच्या गोळीवर चालायला लागलं. गोळी लोण्याच्या गोळ्यात लपवून द्यायची. पैलवान लोणी चाटूनपुसून खायचा आणि गोळी गालात धरून बदकांच्या खुराड्यामागं नेऊन थुंकायचा. नवरा याहून वेगळा नव्हता. त्याला गुडघ्यांसाठी गोळी होती आणि तो ती दाराच्या फटीत लपवायचा. म्हणून रोज सकाळी मावशी दोघांना समोर बसवायची. "तोंड उघडा. जीभ वर करा. दुसरा गाल." दोघंही मुकाट्यानं तोंड उघडायचे आणि दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच अपमान दिसायचा.

हनुवटी फुटू नये म्हणून तिनं जुन्या गोधडीच्या तुकड्यात बदकांची पिसं भरून एक छोटी गादी शिवली होती. ती नाडीनं पैलवानाच्या गळ्याशी बांधलेली असे. तळ्यावर ती कायम पैलवान आणि पाणी यांच्या मधून चालायची, मग स्वतःचे पाय घोट्यापर्यंत चिखलात का जाईनात. तीन वर्षांत ती एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली ती अक्षता टाकून, न जेवता परत आली, कारण संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली होती. बहीण अजून ते बोलून दाखवायची.

आणि इतकं करून पैलवान मावशीसाठी एकदाही पडला नव्हता.

हेच तर दुखणं होतं. न्हाव्याच्या दुकानावरून घरी आल्या आल्या ते बाहेर आलं.

"कुणाकुणासाठी पडतो सांगा," ती नवऱ्यासमोर बोटं मोजायला लागली. "न्हावी. टपालवाला. गिरणीवाला, तो पण पांढरा झालेला असला तरच. बदकं चोरायला आला होता तो मेला चोर!"

चोराची गोष्ट खरी होती. भर दुपारी एक माणूस पोतं घेऊन कुंपणावरून आत उतरला. पैलवान धावत गेला आणि पाहुणा आला या आनंदात त्याच्या पायाशी कोसळला. आपल्याला बघून कुत्रं जागच्या जागी मेलं, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. पोतं टाकून, हात जोडून, रडत रडत तो पळाला.

"माझ्यासाठी पण पडलाय दोनदा," म्हातारा बोलून गेला.

"कधी?"

"मागं एकदा बाजारातून आलो तेव्हा, आणि..." म्हाताऱ्यानं मान वर केली आणि बायकोचं तोंड बघितलं. "म्हंजे माझ्यासाठी नसेल. टोपल्यांसाठी असेल. त्याला टोपल्या फार आवडतात."

"तीन वर्षं मी गोळ्या घालते. चिखलात मी चालते. गादी मी शिवली. आणि हा पडतो कुणासाठी, तर ज्यानं जन्मात कधी तुकडा घातला नाही त्या न्हाव्यासाठी! मी आले की शेपटीचं टोक तेवढं हलवतो. बसल्या जागेवरून. सासूनं सुनेला बघावं तसा बघतो."

"अगं, पिकतं तिथं विकत नाही."

"मी काय भोपळा आहे?"

म्हातारा खाली बघून टोपली विणायला लागला. ती भोपळा नव्हती हे त्याला माहीत होतं, पण ते कसं सांगावं हे एवढ्या वर्षांत त्याला जमलं नव्हतं. मावशी खुराड्याशी जाऊन बसली. कुत्र्यासाठी रडायचं म्हणजे लोक हसणार, हे तिला कळत होतं. आपलं आपल्यालाही हसू येत होतं. पण आत कुठंतरी खरोखरच टोचत होतं. आपण ज्याच्यासाठी उठतो, बसतो, त्याला आपल्याला बघून काहीच होत नाही. मग आपण त्याचे कोण? गोळीवाली?

पुढचे आठ दिवस तिनं प्रयत्नांची शर्थ केली. नवऱ्याचा कोट आणि टोपी घालून ती कुंपणाबाहेरून अनोळखी माणसासारखी चालत आली. पैलवानानं एक जांभई दिली. दुसऱ्या दिवशी ती गवताच्या गंजीमागं दबा धरून बसली आणि तो जवळ येताच "भ्वा!" करून उडी मारली. बावीस बदकं बावीस वाटांनी गेली, मावशीच्या कमरेत चमक भरली आणि पैलवान शांतपणे बदकं गोळा करायला गेला. म्हाताऱ्यानं कमरेला तेल चोळताना हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण त्याचे हात थरथरत होते आणि तेवढ्यावरून तिला कळलं. तिसऱ्या दिवशी तिनं उकडलेलं अंडं हातात धरलं. पैलवान धाडकन पडला. तिचा आनंद गगनात मावेना. मग तिनं अंडं डावीकडं नेलं. पडल्या पडल्या पैलवानाचे डोळे डावीकडं गेले. उजवीकडं नेलं, डोळे उजवीकडं.

"अंड्यासाठी पडला," ती म्हणाली आणि अंडं स्वतःच खाऊन टाकलं.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टर आले तेव्हा तिनं लाजलज्जा गुंडाळून ठेवली आणि विचारलं. डॉक्टरांनी हसू गिळलं. माणूस चांगला होता.

"मावशी, तो अचानक झालेल्या आनंदानं पडतो. न्हावी दिवसातून एकदा दिसतो, टपालवाला आठवड्यातून. तुम्ही कायम समोर. तुम्ही कुठं गेल्याशिवाय परत कशा येणार?"

ही गोष्ट मावशीच्या डोक्यात लख्ख शिरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्याच दिवशी तिनं बहिणीकडं चार दिवस जायचं ठरवलं. म्हाताऱ्याला वाटलं चेष्टा आहे. पण तिनं खरंच पिशवी भरली.

"नीट ऐका," ती दारात उभं राहून म्हणाली. "गोळी सहाला. लोणी जास्त लावायचं नाही, नाहीतर गोळी निसटते. दिली की जीभ वर करायला लावायची. तळ्यावर तुम्ही पाण्याच्या बाजूनं चालायचं. गादीची नाडी सैल ठेवायची, दोन बोटं गेली पाहिजेत."

"आणि माझी गोळी?"

"ती तुमची तुम्ही घ्यायची."

"मग माझी जीभ कोण बघणार?"

"पैलवानाला दाखवा!"

पैलवान फाटकापर्यंत आला. ती गाडीत चढली तेव्हा तो उभा होता, चारही पायांवर. जाताना कसा पडेल, येताना पडेल, असं मनाशी म्हणत तिनं मागं बघितलं नाही. म्हणजे दोनदाच बघितलं.

बहिणीचं गाव गाडीनं दीड तासावर. बहिणीनं पहिल्यांदा कौतुक केलं, मग भाचीच्या लग्नाचं काढलं, मग परत कौतुक केलं. संध्याकाळी सहाला मावशी उठून उभी राहिली. हातात लोण्याचा गोळा करायची सवय. समोर बहिणीचं मांजर होतं, ते घाबरून कपाटावर गेलं. सव्वासहाला तिनं घरी फोन लावला.

"दिली का गोळी?"

"दिली," म्हातारा फोनमध्ये एवढ्या मोठ्यानं ओरडायचा, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "जीभ बघितली. गाल बघितले. त्यानं माझे पण बघितले."

"किती वेळा पडला?"

"एकदाही नाही."

"न्हाव्यासमोर?"

"तिथं पण नाही. बदकं आपली नेहमीसारखी बसली. हा उभाच. बदकं बघताहेत, हा कधी पडतोय. हा बघतोय, ही कधी उठताहेत. अर्धा तास तिथंच."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी फोनवर न्हावीही होता, आणि त्याचा आवाज पडला होता.

"मावशी, माझं काही चुकलं का? मी हाक मारली, टाळ्या वाजवल्या. शेवटी नाचून दाखवलं. नुसतं बघितलं माझ्याकडं आणि निघून गेला. तीन वर्षांत असं झालं नाही. गिऱ्हाईकं विचारताहेत, काय भांडण झालं का?"

एरवी मावशीला आनंद झाला असता. आता मात्र न्हाव्याची कीव आली. हे दुखणं काय असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी टपालवाला आला, तरी पैलवान पडला नाही. गिरणीवाला पिठानं पांढराफटक होऊन आला, तरी पडला नाही. आणि म्हाताऱ्याचा फोन आला तो वरातीतल्या बँडसारखा.

"अगं, बरा झाला! रोग गेला! तीन दिवसांत एकदा पण पडला नाही. लोक बघायला येताहेत. विचारताहेत, काय औषध केलं? मी सांगितलं, काही नाही, बायकोला बहिणीकडं पाठवली!"

पलीकडून माणसांचं हसू ऐकू आलं.

"गादी पण काढून टाकली," म्हातारा ओरडला. "आता कशाला लागतेय!"

मावशीनं फोन ठेवला आणि बहिणीच्या ओट्याशी बसली. ती सरळ हिशेब मांडत होती. मी होते तेव्हा कुत्रं आजारी. मी गेले, कुत्रं बरं. म्हणजे रोग कुठला? मीच की. करायला गेले एक आणि झालं भलतंच. पैलवानानं आपल्यासाठी एकदा पडावं म्हणून आले, आणि आता त्याच्या भल्यासाठी परतच जायचं नाही की काय? ती हे बहिणीला म्हणाली आणि तिला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन.

"मग राहा की इथंच," बहीण कांदा चिरत म्हणाली. "मांजराला पण तुझी सवय होईल."

मांजर कपाटावरून बघत होतं. त्याची तशी काही इच्छा दिसत नव्हती.

सगळी रात्र तिनं काढली ती याच विचारात. कुत्रं बरं होणार असेल तर आपण राहू, असं तिनं मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. महिन्यातून एकदा लांबून, झाडामागून बघून येऊ. पण सकाळी सहाला हात पुन्हा लोण्याकडं गेला, आणि तिनं सरळ डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत.

"मावशी, हा आजार असा जात नाही. त्याचं शेपूट हलतंय का?"

"मला काय माहीत?"

"विचारा."

तिनं घरी फोन लावला.

"अहो, पैलवानाचं शेपूट बघा."

"थांब." बराच वेळ चपलांचा आवाज आला. "बघितलं."

"मग?"

"जागेवर आहे."

"जागेवर आहे ते मला पण माहीत आहे! हलतंय का?"

परत चपलांचा आवाज. मग म्हाताऱ्याचा आवाज एकदम खाली आला. "नाही गं. तू गेल्यापासून हललेलं बघितलंच नाही मी. फाटकाशी बसलेला असतो. मला वाटलं, बरा झालाय म्हणून शांत झालाय."

मावशीनं पुन्हा डॉक्टरांना फोन लावला, पण तिला उत्तर आधीच कळलं होतं.

"आनंद झाला की पडतो, मावशी," डॉक्टर म्हणाले. "आनंदच झाला नाही तर पडेल कशाला? बरा नाही झाला तो. उदास झालाय. गोळी चालू ठेवा आणि तुम्ही घरी जा."

पिशवी भरायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बहिणीचा चहासुद्धा उकळला नाही. "लग्नाला पण अशीच पळालीस," बहीण दारातून म्हणाली, पण या वेळी तिनं लोण्याची वाटी कापडात बांधून बरोबर दिली.

मावशी येतेय हे म्हाताऱ्यानं गावात ओरडून सांगितलं होतं. खरं तर त्यानं फक्त न्हाव्याला सांगितलं होतं, पण त्याच्या आवाजात दोन्ही एकच. गाडी न्हाव्याच्या दुकानाशी थांबली तेव्हा तळ्यावरून परतायची वेळ झाली होती. बदकं दुकानासमोर बसून होती. म्हातारा उभा होता. गिरणीवाला कामं सोडून आला होता. न्हावी दारात, हातात वस्तरा, आणि त्याच्या मागं खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक मान वाकडी करून बघत होतं. सगळ्यांना एकच बघायचं होतं.

पैलवान बदकांच्या मधे उभा होता. गळ्यात गादी नव्हती. तीन-चार दिवसांतच बिचारा खांद्यात उतरल्यासारखा वाटत होता.

मावशी खाली उतरली. छाती धडधडत होती, हे तिनं नंतर कबूल केलं. सोयरीक बघायला आले होते तेव्हाही अशी धडधडली नव्हती.

पैलवानानं तिला बघितलं. त्याचे कान उभे राहिले. तो चालत आला, पळत नाही, चालत. तिच्या पायाशी आला. चपला हुंगल्या. बहिणीच्या मांजराचा वास आला असावा, एक सणसणीत शिंक दिली. मग फिरला, तिच्या नडगीला अंग टेकलं, सगळा भार तिच्यावर टाकला आणि उभा राहिला.

चार पाय. चारही ताठ.

"नाही पडला," गिरणीवाला हळूच म्हणाला.

"अगं, दमला असेल," म्हातारा घाईघाईनं म्हणाला. "उद्या पडेल. मी सांगतो ना, उद्या नक्की..."

"राहू दे," मावशी म्हणाली. तिनं वाकून पैलवानाच्या कानामागं खाजवलं, आणि पैलवानानं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की बदकांनी माना वर केल्या. चार दिवसांचा श्वास त्यानं धरून ठेवला होता जणू. ते ऐकून तिला वाटलं, मरू दे पडणं. हा माझ्यापाशी उभा आहे ना, बास.

इतका वेळ न्हाव्यानं स्वतःला कसंबसं आवरलं होतं. आता त्याला राहवेना.

"काय पैलवान?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ओळख तरी द्या."

पैलवानानं मान फिरवून न्हाव्याकडं बघितलं. मग मान परत फिरवून मावशीकडं बघितलं, अगदी नीट, वरपासून खालपर्यंत, ती खरंच आली आहे की नाही हे तपासत. खात्री पटली. मग पुन्हा न्हाव्याकडं बघितलं, आणि शेपूट फिरायला लागलं. आधी टोक, मग अर्धं, मग सगळंच.

मावशीला ते दिसलं. तीन वर्षांची सवय होती. हनुवटीखाली गादी नाही हे डोक्यात यायच्या आधीच तिचा पाय पुढं सरकला होता. मागचे पाय गेले, पुढचे गेले आणि पैलवानाची हनुवटी धप्पकन तिच्या पावलावर आली.

"पडला!" न्हावी ओरडला. "माझ्यासाठी पडला!" वस्तरा तसाच हातात घेऊन त्यानं उडी मारली, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक दोन्ही हातांनी गळा धरून बाजूला झालं.

"पडला गं बाई!" मावशी रस्त्यातच बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. खाली पैलवान चिंधीसारखा पसरला होता, डोळे टक्क उघडे, आणि त्या डोळ्यांत इतकं सुख होतं की बघणाऱ्याला लाज वाटावी.

म्हातारा वाकला. त्याला बायकोचं वाईट वाटत होतं. "पण न्हाव्यासाठीच पडला की गं."

"पडू दे." तिनं डोळे पुसले. "मी नव्हते तेव्हा पडला का? तेव्हा हाच न्हावी होता, हाच नाच होता. मी असले तरच त्याला पडता येतं. कळलं का? हा न्हाव्याला बघून पडतो, पण माझ्या जिवावर पडतो."

म्हाताऱ्याला ते कळलं. तो तिच्या शेजारी मातीत बसला, दुखरे गुडघे घेऊन, तोंडानं अयाई गं करत. बसल्यावर तो पहिल्यांदा एवढंच म्हणाला, "चार दिवस माझी गोळी कुणी बघितली नाही."

"तोंड उघडा," मावशी म्हणाली.

त्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलं, आणि तिनं जीभ बघितली.

मग त्याला आठवण झाली. "डॉक्टरांना कळवायला हवं ना? त्यांनी सांगितलं होतं, काही फरक पडला तर लगेच फोन करा."

"करा की."

म्हाताऱ्यानं फोन कानाला लावला, घसा खाकरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "डॉक्टर, आनंदाची बातमी! आजार परत आला!"